पिंपाचे पाय

मागून कुणी चालत आलं तर ताई वळून बघत नाही. तिला बघायची गरजच पडत नाही. एकदा आम्ही दोघं पोस्टाच्या पायऱ्या उतरत होतो आणि मागून एक गृहस्थ येत होते. ताई समोर बघतच म्हणाली, "डाव्या घोट्याचा बोल्ट ढिला झालाय तुमचा. सोमवारी या." गृहस्थ जागच्या जागी थबकले. ते तिचेच पेशंट निघाले म्हणून बरं. पुढच्याच आठवड्यात तिने असंच एका धडधाकट माणसाला सांगितलं. त्याच्या पायात बोल्ट वगैरे काही नव्हता, नवा बूट चावत होता एवढंच. तो आमच्याकडे बघत बघत रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि पलीकडूनही बराच वेळ बघत राहिला.

ताई कृत्रिम पाय बनवते. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, कपडे धुतात त्या खोलीला लागून, एक लांबुळकं वर्कशॉप आहे. प्लॅस्टरची पोती, प्लास्टिक मऊ करायची भट्टी, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले गुडघे, आणि मधोमध चालण्याचा सराव करायचे दोन समांतर दांडे. पेशंट दांड्यांना धरून चालायला लागला की ताई स्टुलावर बसून डोळे मिटते. नवीन आलेल्यांना वाटतं बाई पेंगतेय. ती ऐकत असते. कुठली टाच आधी पडते, कुठे वजन द्यायला माणूस बिचकतोय, सगळं तिला कानाने कळतं.

तिच्या आयुष्यात ड्रम आला तोही पायाच्याच वाटेने. सहा वर्षांपूर्वी तिच्याकडे एक ड्रमवाला आला. अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला, आणि त्याचं एकच म्हणणं, चालता आलं नाही तरी चालेल, पण मोठ्या ड्रमचं पेडल दाबता आलं पाहिजे. ताईने चार वेळा घोटा बसवला, चारही वेळा त्याने मान हलवली. शेवटी पेडल म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे ते बघायला ती त्याच्या घरी गेली. त्याच्या जागी बसली, पेडल दाबलं, मग हातात काठ्या आहेतच म्हणून दोन ठोके मारले. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पाच वाजता त्या माणसाच्या बायकोने चहा आणला आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "या पाय द्यायला आल्यात की राहायला?"

पाय झकास जमला. वर्षभराने त्या माणसाने नवा संच घेतला आणि जुना ताईच्या दारात आणून ठेवला. म्हणाला, "तुम्ही मला पाय दिलात, मी तुम्हाला हात देतो." वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ताई ड्रम शिकली. आणि मग आम्ही तिला येऊन मिळालो.

आम्ही म्हणजे मी आणि डॉक्टर. मी दिवसा टपालाची छाटणी करतो आणि शुक्रवारी संध्याकाळी बास गिटार वाजवतो. डॉक्टर दातांचा. तो गिटार वाजवतो, गातो, गाणी लिहितो आणि बोलतो. दिवसभर त्याच्यापुढे माणसं आ वासून पडलेली असतात. त्यांना उलट बोलायची सोयच नसते, त्यामुळे आपलं म्हणणं जगाला पटतं अशी त्याची प्रामाणिक समजूत झालीय. स्वभावाने मात्र लोण्यासारखा. मी त्याच्याकडून दोन दाढा भरून घेतल्यात आणि तेव्हा तीन नवी गाणी ऐकलीत.

आमची तालीम ताईच्या घरी, वरच्या लाकडी जमिनीच्या खोलीत. खाली ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, आणि त्यांच्या आई राहतात. भावोजी जमीन मोजणीच्या कचेरीत आहेत. अतिशय नेमका माणूस. 'थोडा वेळ थांबा' म्हटलं तर 'किती?' म्हणून विचारणार. त्यांच्या आईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. वय ब्याऐंशी, चालायला चार पायांचा वॉकर, आणि दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या. कानातली यंत्रं करून आणली होती, ती त्यांनी आठवडाभर वापरून टेबलाच्या खणात टाकली. विचारलं तर म्हणायच्या, "त्यात सगळ्यांचाच आवाज त्या दातवाल्यासारखा येतो." समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बरंच कळतं, आणि जे कळत नाही ते त्या स्वतःच ठरवून टाकतात.

पाच वर्षं आमचं बरं चाललं होतं. मग वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाचं बोलावणं आलं, आणि डॉक्टरने त्यासाठी एक नवं संथ गाणं लिहिलं. निरोपाचं. शेवटची ओळ संपली की सगळ्यांनी थांबायचं, आणि ताईने उजव्या हाताच्या मोठ्या टॉमवर एकच ठोका द्यायचा.

हा टॉम म्हणजे फ्लोअर टॉम. संचात उजवीकडे जमिनीवर तीन लोखंडी पायांवर उभा असतो. आकाराने पाण्याच्या पिंपाएवढा, म्हणून आम्ही त्याला पिंपच म्हणतो.

"हा ठोका म्हणजे," डॉक्टर डोळे मिटून म्हणाला, "माणूस निघून गेल्यावर रिकाम्या घरात जे घुमतं ना, ते."

ताईने काठी उचलली आणि ठोका दिला.

भद्.

डॉक्टरने डोळे उघडले. "ताई, रिकाम्या घरात उशी पडली."

तिने वरचं कातडं बदललं. नावाला कातडं, असतं प्लास्टिकचंच. भद्. खालचं बदललं. स्क्रू आवळले, सैल केले, एक सोडून एक आवळले. भद्, भत्, भद्. डॉक्टरने सुचवलं की काठी जरा भावनेने मारून बघ. ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो गिटार सुरात लावायला लागला, ती सुरातच असताना.

पुढच्या शुक्रवारी उलगडा झाला तो भावोजींच्या पेन्सिलीमुळे. ते आम्हाला चहा घेऊन वर आले होते. कानामागची पेन्सिल घरंगळत पिंपाखाली गेली. त्यांनी कप ठेवले, वाकून दोन्ही हातांनी कडेला धरून पिंप वर उचललं आणि पायाने पेन्सिल शोधायला लागले. त्याच क्षणी ताईने, चिडून म्हणा किंवा सवयीने म्हणा, पिंपावर काठी हाणली.

धूऽऽऽऽम!

खिडकीची तावदानं थरथरली. चहावर साय होती, तिला सुरकुत्या पडल्या. भावोजी पिंप कवटाळून पुतळ्यासारखे उभे.

"हलू नका!" ताई ओरडली. "अहो, आहे तस्से उभे राहा!" पुन्हा मारलं. धूऽऽऽऽम. "आता खाली ठेवा." भद्. "उचला." धूऽऽऽऽम. "ठेवा." भद्.

"अगं, माझी पेन्सिल," भावोजी म्हणाले.

ताई गुडघे टेकून बसली आणि त्या तीन पायांकडे बघायला लागली. वर्कशॉपमध्ये नवा पेशंट आला की बघते तशी. एकेक पाय पिंपाच्या अंगावरच्या पकडीत घुसवून स्क्रूने आवळलेला होता, आणि खाली कडक रबराची टोपी. तिने एका हाताने पायाला स्पर्श केला आणि दुसऱ्या हाताने वर टिचकी मारली.

"सगळं पायात येतंय," ती म्हणाली. "अंग थरथरायला लागलं, की ते थरथरणं पायातून खाली उतरतं आणि जमीन ते गिळून टाकते. बिचाऱ्याला बोलायचंय खूप, पण तोंड उघडायच्या आत पाय सगळं सांगून मोकळे. माझ्या नाकाखाली हा पाच वर्षं असा उभा आणि मी गावभर लोकांचे पाय नीट करत फिरतेय!"

जमिनीत जातंय म्हणजे नेमकं कुठे जातंय, हे तेव्हा आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

तात्पुरता उपाय हाताशीच होता. पुढच्या दोन तालमींना भावोजींनी पिंप धरलं. त्यांना पहिल्यांदाच बँडमध्ये काम मिळालं होतं आणि ते मन लावून करत होते. इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. शिवाय मोजमापही ठेवायचे: "जमिनीवर सव्वा सेकंद. हातात साडेपाच." मात्र दोन अडचणी होत्या. एक म्हणजे संथ गाणं सात मिनिटांचं होतं, आणि पाचव्या मिनिटाला भावोजींचे हात कापायला लागले की पिंप आपणहून हलकेच गडगडायचं. दुसरी अडचण म्हणजे शिंक. ती निरोपाच्या अगदी शेवटच्या ओळीला आली. भावोजींनी ती दाबायचा प्रयत्न केला, त्यामुळे ती पिंपात गेली आणि तिथून दुप्पट होऊन बाहेर आली.

"माणूस निघून गेला," डॉक्टर थंडपणे म्हणाला, "आणि त्याला सर्दी झाली होती."

"पिंपाला स्वतःच्या पायावर उभं केलं पाहिजे," ताई म्हणाली.

सुरुवात तिने घरच्याच सामानाने केली. वर्कशॉपमध्ये कुबड्यांना लावायची मऊ रबरी बुटं असतात, आतून पोकळ, तळाशी हवेची गादी असलेली. त्यातली तीन तिने पिंपाच्या पायांत चढवली. बुधवारी घाईघाईने आम्हाला बोलावलं. ठोका दिला. धूऽऽम. हातात धरल्याइतकं नाही, पण उशी गेली होती. भावोजींनी जाहीर केलं, "तीन सेकंद." आम्ही टाळ्या वाजवल्या. भावोजींनीही वाजवल्या, पण त्यांचा चेहरा जरा पडला. नोकरी गेली ना!

शुक्रवारी तालमीला आलो. ताईने काठी उचलली. भद्.

रबरी बुटं गायब होती. तिन्ही. पिंप आपल्या जुन्या कडक टोप्यांवर मख्खासारखं उभं.

"मांजर," डॉक्टर म्हणाला.

"मांजर आमच्याकडे नाही," भावोजी म्हणाले, "आणि असतं तरी त्याने जुन्या टोप्या परत बसवल्या नसत्या."

मग त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार त्या बुटांचं? पण खोलीत एकदा संशय शिरला की बास वाजवणाऱ्यावर येतो, असा माझा अनुभव आहे.

शनिवारी ताई मला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदार गोड बोलणारा होता. त्याने काउंटरवर दोन गोष्टी मांडल्या. पहिली म्हणजे स्प्रिंगचे पाय, प्रत्येक पायाखाली एक जाड स्प्रिंग. दुसरी म्हणजे एक लोखंडी कडं. ते पिंपाच्या वरच्या कडेला स्क्रूंच्या आधाराने अडकतं, आणि पाय त्या कड्याला लागतात, पिंपाच्या अंगाला शिवतसुद्धा नाहीत. पिंप नुसतं मधे टांगलेलं.

ताईने कडं हातात घेऊन उलटसुलट केलं. "याचं वजन कुठे पडतं?"

"बाई, वजन अगदी हलकं आहे."

"हलकं आहे का विचारलं नाही मी. पडतं कुठे?"

दुकानदाराने मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी ढोलकीकडे बघितलं.

"आणि आत घालायला मऊ चकत्या आहेत का? लोखंडाला लोखंड घासलं तर करकरेल. उभं राहताना टाच कुठे येते? जरा चालवून दाखवा."

"चालवून?"

"हलवून," मी म्हणालो.

तो बिचारा शेवटी म्हणाला की कडं बसवायला किचकट आहे, स्प्रिंगा बघा, आजवर एकही तक्रार नाही. ताईचं मन कड्यावर होतं, पण तिचं एक तत्त्व आहे, पेशंटला आधी सोपं द्यावं. आम्ही स्प्रिंगा आणल्या.

स्प्रिंगांवर पिंप छान घुमलं, यात वाद नाही. पण ते डुलायलाही लागलं. एक ठोका दिला की पिंप खाली जाऊन वर यायचं, आणि दुसऱ्या ठोक्याला ते नेमकं कुठे असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. ताईच्या दोन काठ्या हवेत गेल्या. तिसरी काडकन कडेवर बसली. तरी ताई म्हणाली, होईल सवय, नव्या पायाला आठवडा द्यावाच लागतो.

आठवडा मिळालाच नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा भद्. या वेळी स्प्रिंगा जागेवर होत्या, पण प्रत्येक स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये काहीतरी ठासून ठासून भरलेलं. ताईने चिमट्याने ओढून काढलं. राखाडी लोकर. वीतभर, हातभर, खोलीभर लोकर निघाली.

भावोजींनी ती बोटावर गुंडाळून बघितली आणि म्हणाले, "अशाच रंगाचा स्वेटर आई विणतेय."

"मोठ्या बाईंना चौदा पायऱ्या चढता येत नाहीत," मी म्हणालो. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. जेवायला त्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत येतात तेच मोठ्या मिनतवारीने, दर तीन पावलांना 'अग आई गं' म्हणत.

"म्हणजे कुणीतरी त्यांची लोकर चोरली," डॉक्टरने निष्कर्ष काढला, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

ताईने ते कडं आणलं. मंगळवारी संध्याकाळभर बसून तिने पिंपाच्या अंगातले पाय काढले, कडं चढवलं, लोखंड लोखंडाला लागेल तिथे तिथे मऊ चकत्या घातल्या, पाय कड्यात बसवले आणि खाली नवी पोकळ रबरी बुटं चढवली. पिंप टांगलं गेलं. काठीने नाही, तिने नुसतं बोटाने मारलं तरी ते बोलायला लागलं. भावोजींनी सहा सेकंद मोजले आणि कचेरीत असल्यासारखी वहीत सही केली.

बुधवारी दुपारी वर्कशॉपची वीज गेली. भट्टी थंड, म्हणून ताई बाराच्या सुमाराला घरी आली. माझी त्या दिवशी सुट्टी होती आणि बासची तार बदलायची होती, म्हणून मीही तिथेच टपकलो. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. ताई काहीतरी सांगत होती, आणि मधेच थांबली. मान तिरकी केली. डोळे मिटले.

वरून आवाज येत होता. टक टक. घस. टक टक. घस.

"चार पायांचा वॉकर," ताई कुजबुजली. "उजवी टाच ओढलीय. वजन डाव्यावर. आणि..." तिने डोळे उघडले. "आणि त्यातल्या तीन पायांना कुबडीची रबरी बुटं आहेत. माझी!"

आम्ही पाय न वाजवता जिना चढलो. खरं तर ठार बहिऱ्या माणसाला चाहूल लागू नये म्हणून चवड्यांवर चालण्यात काही अर्थ नव्हता, पण ते आम्हाला नंतर सुचलं. दार उघडं होतं. ताईच्या स्टुलावर मोठ्या बाई ऐसपैस बसल्या होत्या. पदर खोचलेला, तोंडात दोन स्क्रू, हातात भावोजींचा पाना. अर्धं कडं सुटलेलं, आणि एक जुना पाय पिंपाच्या अंगात परत घुसवलेला. काम इतकं व्यवस्थित होतं की ताईच्या तोंडून आधी "वा!" निघालं.

मोठ्या बाईंनी मान वर केली. आम्हाला बघितलं. तोंडातले स्क्रू काढून तळहातावर ठेवले, आणि बहिऱ्या माणसांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"आलीस? बरं झालं. हा तिसरा स्क्रू निघत नाही. जरा धर इकडे."

"आई!" ताई त्यांच्यासमोर जाऊन, ओठ दिसतील असं बोलली. "तुम्ही? वर कशा आलात?"

"चढून. उडून येईन का?"

"तुम्हाला तर पायऱ्या झेपत नाहीत!"

"कामाला झेपतात. जेवायला यायचं म्हटलं की नाही झेपत." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "तुम्ही माझा शुक्रवार काढून घेतलात."

आम्हाला काही कळेना. त्यांनी काठीसारखा पाना उगारून पिंपाखालची फळी दाखवली. "याच्या बरोब्बर खाली माझ्या पलंगामागचा खांब आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी मी त्या खांबाला पाठ टेकून बसते. तू वाजवलंस की माझ्या पाठीत येतं. सगळं येतं. कधी तू रागात असतेस, कधी दमलेली असतेस, मला कळतं. पाच वर्षांत एक शुक्रवार चुकवला नाही मी. घरात मला एवढंच ऐकू येतं गं. आणि मागच्या महिन्यात मधेच बंद. मला वाटलं, गेले वाटतं हे पण कान."

ताई तिथेच जमिनीवर बसली.

"मग वर येऊन बघितलं तर पायात बुटं घातलेली!" मोठ्या बाईंचा आवाज पुन्हा चढला. "आणि त्याआधी तर माझ्याच पोटचा पोरगा ते धूड हातात धरून उभा! दारातून बघितलं मी. लाज नाही वाटली त्याला?"

संध्याकाळी भावोजींना हे कळलं तेव्हा ते फार गहिवरले. आधी आई इतकी वर्षं आपल्या बायकोचं वाजवणं ऐकतेय म्हणून, आणि मग पाना सापडला म्हणून. तो ते दहा दिवस शोधत होते.

पण पेच मोठा होता. पिंप जमिनीला टेकलं तर मोठ्या बाईंना ऐकू येणार आणि आम्हाला भद्. पिंप टांगलं तर आम्हाला धूम आणि मोठ्या बाईंना शुकशुकाट. कार्यक्रम तोंडावर आलेला. डॉक्टर म्हणाला, कलेसाठी कुणाला तरी झळ सोसावीच लागते. ताई म्हणाली, मग तू सोस, तुझी गिटार बंद ठेवू. शुक्रवारी तिने एक तोडगा काढला. मोठ्या बाईंना वर आणून पिंपाशेजारी खुर्चीत बसवलं आणि तळहात पिंपाच्या अंगावर ठेवायला सांगितला. त्यांना ऐकू आलं, पण हात ठेवल्याबरोबर पिंप पुन्हा मुकं. पाय काढले तर हात आला. मग त्यांचे पाय मोठ्या ड्रमवर टेकवून बघितले. तेवढ्याने डॉक्टर इतका विचलित झाला की दुसरं कडवं दोनदा गायला.

"माझे दोन पेशंट आहेत," ताई कपाळ धरून म्हणाली, "आणि पायांचा जोड एकच."

डॉक्टर रुसून खिडकीत बसला होता. अस्वस्थ झाला की त्याचा हात खिशात जातो, आणि त्याच्या खिशात कायम दवाखान्यातले रबरी हातमोजे असतात. रडणाऱ्या पोरांना तो ते फुगवून देतो, कोंबडा म्हणून. नकळत त्याने एक काढला, फुगवला, गाठ मारली आणि आमच्याकडे न बघता बोटांनी वाजवत बसला.

मोठ्या बाई बघत होत्या. "काय रे ते? गाय आहे का?"

"कोंबडा," डॉक्टर म्हणाला आणि उठून त्यांच्या मांडीवर ठेवला.

ताईला आमच्या बडबडीचा कंटाळा आला होता, म्हणून तिने सहज पिंपावर एक ठोका दिला. टांगलेल्या पिंपावर. धूऽऽऽऽम.

मोठ्या बाई दचकल्या. हातमोजा त्यांनी दोन्ही तळव्यांत घट्ट धरला होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग ताईकडे.

"पुन्हा मार."

धूऽऽऽऽम.

"अगं बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, खालच्या रस्त्यावर ऐकू गेलं असेल. "हा तर हातात आला. खांबात नुसता धक्का यायचा. हा लांबत जातो. केवढा लांब जातो हा!"

ताईने वाजवायला सुरुवात केली, मी सूर धरला. मोठ्या बाईंनी पाचही रबरी बोटं गालाला लावली आणि डोळे बारीक केले. "आणि हा दुसरा कोण गुरगुरतोय?"

"मी!" मी त्यांच्यासमोर जाऊन ओरडलो. पाच वर्षं मी त्या घरात वाजवत होतो आणि मला त्या आजवर चहा पिणारा एक माणूस समजत होत्या.

"बरा गुरगुरतोस," त्या म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, वाचनालयातल्या टाळ्यांपेक्षा मला ते जास्त आवडलं.

डॉक्टरही आशेने पुढे झाला. गिटार त्यांच्या अगदी जवळ नेऊन त्याने त्याचा सगळ्यात कठीण तुकडा वाजवला. मोठ्या बाईंनी हातमोजा या कानाला लावला, त्या कानाला लावला, मग डॉक्टरला परत दिला. "तुझं काही येत नाही. बिघडला का बघ."

तर अशा रीतीने पिंपाचं ठरलं. टांगायचं कडं, पाय कड्यात, खाली पोकळ बुटं. मोठ्या बाईंच्या वॉकरची तीन बुटं ताईने त्यांच्याकडेच राहू दिली, आणि चौथा पाय अनवाणी का, म्हणून एक आणखी आणून दिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत भावोजी इस्त्रीच्या शर्टात, आणि शेजारी मोठ्या बाई, मांडीवर फुगवलेला हातमोजा, बोटं छताकडे. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी वाकून विचारलं की हे काय आहे. मोठ्या बाईंना ऐकू आलं नाही. भावोजींनी खुलासा केला, "कान आहेत आईचे." त्या बाई पुन्हा वाकल्या नाहीत.

निरोपाचं गाणं शेवटी होतं. डॉक्टर छान गायला, हे मान्य करायला हवं. शेवटची ओळ संपली. मी तार दाबून धरली. ताईने काठी उचलली आणि एकच ठोका दिला.

धूऽऽऽऽऽऽम.

तो आवाज सभागृहभर पसरला, पुस्तकांच्या कपाटांच्या काचांना हात लावून परत आला आणि हळूहळू विरायला लागला. पण लोकांना धीर कुठला! तिसऱ्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, मग पाच-दहा जणांनी. डॉक्टर नमस्कार करायला वाकलासुद्धा.

"थांबाऽऽ!"

मोठ्या बाई वॉकर न धरता उभ्या होत्या. हातमोजा दोन्ही हातांनी वर धरलेला.

"संपलं नाही अजून! येतंय! गप्प बसा सगळे!"

सभागृह असं चिडीचूप झालं की विचारू नका. डॉक्टर वाकलेला तसाच राहिला. आणि त्या शांततेत आम्हाला सगळ्यांना तो ऐकू आला: पिंपाचा शेवटचा, बारीक, दूर दूर जाणारा आवाज. तो इतका लांब जातो हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. आम्ही कधी तेवढं थांबलोच नव्हतो. ताईची काठी हवेत होती आणि ती आपल्या सासूकडे बघत होती. शे-दीडशे माणसं एका बहिऱ्या म्हातारीकडे डोळे लावून बसली होती, कधी संपतंय ते सांगेल म्हणून. आवाज आमच्या कानांतून गेला, तरी त्यांचा हात वरच होता.

मग त्यांनी हातमोजा खाली घेतला. "हं. संपलं. आता वाजवा."

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. मोठ्या बाईंना त्याही हातमोज्यात येत होत्या, पण त्यांनी तो शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिला, भावोजींचा हात धरून डॉक्टरपर्यंत गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या कानात सांगितलं,

"शेवट चांगला आहे रे. मधलं ते सात मिनिटांचं काय असतं ते कमी कर."